तोंड नसलेलं पाखरू

“...पण संकल्प नेमका कशासाठी, बाबा? तेवढं तरी सांगा. लोक विचारतात.”

लटारीबाबांनी डोळे उघडले नाहीत.

“लोकांना काय सांगू मी?” शेषरावाने पुन्हा विचारलं.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग ओट्याच्या कडेला डोकं टेकवलं आणि तो उठला. गुरूचं मौन हेच उत्तर, असं त्याने मनाशी धरलं. हल्ली तो सगळ्याच मौनांचे अर्थ लावायला लागला होता.

गावापासून लांब, एका बोडीच्या काठावर ती कुडाची झोपडी होती. बोडी म्हणजे पावसाच्या पाण्याचं लहानसं तळं. मागे ऐनाच्या झाडांचं रान पसरलेलं, पार डोंगरापर्यंत. बाबा तिथे कधीपासून राहत होते ते कुणालाच धड सांगता येत नसे. त्यांचा मठ नव्हता, गादी नव्हती. कुणी आलं तर बसायला गोणपाट होतं. कुणी विचारलं तर ते उत्तर देत. नाही विचारलं तर दोघं मिळून बोडीकडे बघत बसत.

शेषराव त्यांच्याकडे आला तो अमरावतीहून. तिथल्या एका व्यायामशाळेत तो मल्लखांब शिकवायचा. पायाच्या अंगठ्यात वेताची पकड घेऊन उलटा लोंबकळणारा, दोन पोरांना दोन खांद्यांवर घेऊन बैठका मारणारा माणूस. अंगाकडून जे जे करून घेता येतं ते सगळं त्याने करून घेतलं होतं, आणि तरी त्याला झोप येईना. तेव्हा तो इथे आला. पाड्यावरचे लोक त्याला अजून मास्तरच म्हणत.

इथेही त्याने मल्लखांबासारखंच चालवलं. एक पकड साधली की दुसरी. आधी खाट सोडली. मग चपला सोडल्या. मग गोड सोडलं. मग एक वेळचं जेवण सोडलं. प्रत्येक वेळी तो बाबांना येऊन सांगे. बाबा प्रत्येक वेळी म्हणत, “बरं.”

त्या “बरं”ने त्याचं समाधान होत नसे. पण दुसरं काही मिळत नव्हतं.

मग श्रावणात एके दिवशी बाबांनी ताट बाजूला सारलं.

“नको,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशीही. पाड्यावरची भागरथा त्यांच्यासाठी रोज काहीतरी रांधून आणायची. तिने पेज केली, आंबील केली, मऊ भात केला. बाबा पाण्याचे दोन घोट घ्यायचे, कधी वाटीभर ताकातलं अर्धं. बस.

बाजारात कुणीतरी शेषरावाला विचारलं, “बाबा कसे आहेत?”

“बाबांनी अन्न सोडलंय,” तो म्हणाला.

त्याने सांगितलं तेवढंच होतं. ऐकणाऱ्याने ऐकलं ते मोठं होतं. पुढच्या बाजाराला दोन बाया झोपडीपर्यंत आल्या, पायावर डोकं ठेवून म्हणाल्या, “केवढा हा त्याग!” शेषरावाने त्यांना अडवलं नाही. त्यानंतर आलेल्यांना तर त्याने आपण होऊनच सांगितलं, “बाबांचा संकल्प आहे.”

आणि त्याच संध्याकाळी त्याने स्वतःचंही ताट सारलं.

मग माणसांची रीघ लागली. जीपगाड्या आल्या, ट्रॅक्टर आले. नारळांचा ढीग पडला. कुणी लाउडस्पीकर लावायचं म्हणालं, कुणी मांडव घालायचं. पायावर हात लावून लावून बाबांच्या अंगठ्याची साल निघाली. ते काही बोलत नसत. भिंतीला टेकून बसत, आणि बसणंही झेपेनासं झालं की आडवे होत.

शेषराव त्यांच्या उजव्या हाताला उभा असे. गर्दीतून कुजबुज यायची, “हे पण उपाशी आहेत बरं का.” मग लोक त्याच्याही पायाला हात लावत. तो नको नको म्हणत मागे सरके. पण फार मागे सरकत नसे.

भागरथाने त्याला एकदा गाठलंच.

“मास्तर, तुमी काहून खात नाही जी?”

“गुरूंच्या मागे जायचं असतं, भागरथाबाई.”

“ते म्हातारे आहेत.”

“मग?”

“तुमी नाही.”

तो हसला. दमलेलं, वरून खाली बघणारं हसू होतं ते. “तुम्हाला नाही कळायचं,” म्हणाला, आणि विहिरीकडे गेला. जाताना त्याला दोनदा थांबावं लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. यालाच तेज म्हणत असावेत, असं त्याला वाटलं.

बाबांना संकल्पाचं विचारून तो उठला, त्या सकाळी पाऊस उघडला होता. भादवा सरत आला होता. रानातून ओल्या पानांचा वास येत होता. शेषराव अर्धी घागर घेऊन येत होता. पूर्ण घागर त्याने कधीच सोडून दिली होती. झोपडीजवळच्या ऐनाखाली तो दम खायला थांबला आणि त्याला ते दिसलं.

खालच्या फांदीला एक कोसा, रानरेशमाचा कोश, लटकत होता. कोंबडीच्या अंड्याहून थोडा लहान, मातकट, कठीण देठाने फांदीला आवळून बांधल्यासारखा. उन्हाळाभर तो तिथेच होता. रिकामा असेल असं शेषराव धरून चालला होता. आज त्याचं वरचं टोक ओलं होऊन सुटलं होतं, आणि कोशाला पायांनी धरून एक पतंग लोंबत होता.

पंख अजून चुरगळलेले होते, पिळून ठेवलेल्या लुगड्यासारखे. तो बघत राहिला. पंख हळूहळू भरत गेले, खाली सुटत गेले, आणि शेवटी त्याच्या पंजापेक्षा रुंद झाले. पिवळसर राखी रंग. प्रत्येक पंखावर एक गोल डोळा, आणि डोळ्याच्या मधोमध काचेसारखी स्वच्छ खिडकी. तिच्यातून पलीकडचं हिरवं पान दिसत होतं.

घागर तिथेच ठेवून तो ओट्यापाशी आला.

“बाबा, पाखरू निघालं. कोशातलं. दारातल्या ऐनावर.”

बाबांनी डोळे उघडले. कित्येक दिवसांत कुणाच्या बोलण्याने ते उघडले नव्हते.

“लाल की पिवळं?”

“पिवळं. मोठं आहे.”

“मादी,” बाबा म्हणाले. मग थांबले. एका दमात त्यांना आता फार बोलता येत नसे. “ती लांब जाणार नाही... बसेल तिथंच. अंधार पडला की नर हुंगत येईल, रानातून, लांबून... मग पानांना अंडी चिकटवील. मग संपलं तिचं.”

“आणि तिला तोंड नसतं!” शेषरावाचा आवाज चढला. “तुम्हीच सांगितलं होतं, बाबा, मी नवा आलो तेव्हा. खात नाही, पीत नाही. आणि आज, या दिवसांत, नेमकी आपल्या दारात ती यावी? मला काय समजायचं ते समजलं. जन्मभर उपाशी, आणि पंख बघा केवढे!”

“जन्मभर?”

“हो, बाबा.”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता. दिवसभर चालून आलेल्या माणसाला अजून एक टेकडी दिसावी तसं ते बघणं होतं.

“मला झाडापाशी ने,” ते म्हणाले.

“आत्ता लोक येतील, बाबा. तुम्ही पडून...”

“ने.”

शेषराव वाकला. एक हात त्यांच्या पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. बाबांचं वजन ते काय उरलं होतं? वाळल्या सरपणाची मोळी. त्याने उचललं आणि तो चालू लागला. ओटा उतरला. अंगण अर्धं ओलांडलं.

आणि त्याचे गुडघे सुटले.

आधी कळलंच नाही. पायाखालची जमीन बाजूला सरकल्यासारखी झाली, डोळ्यांपुढे काळोख आला. कसाबसा तो वळला, स्वतः खाली गेला, आणि ऐनाच्या बुंध्याशी चिखलात फतकल मारून बसला. बाबा त्याच्या मांडीवर आले.

त्याच्या हातांनी आजवर कुणालाही सोडलं नव्हतं. किती पोरं त्याने खांबावरून घसरता घसरता झेलली होती. तो आपल्या पंजांकडे बघत राहिला.

“लागलं का, बाबा?”

“नाही.”

“मी... माझं चुकलं. पुन्हा उचलतो.”

“राहू दे. बरं आहे इथं.”

बाबांनी बुंध्याला पाठ टेकवली. दोघं तसेच बसले, चिखलात, शेजारी शेजारी. हवा पडली होती. बोडीवर एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

टप्.

शेषरावाच्या खांद्यावर काहीतरी पडलं. मिऱ्याहून मोठी, काळपट हिरवी लेंडी.

टप्. अजून एक.

त्याने वर पाहिलं. आधी पानंच दिसली. मग एका पानाची कडा हलताना दिसली, आणि मग ती. बोटाहून जाड, पानाच्याच रंगाची अळी. अंगावर चंदेरी ठिपके. पुढच्या पायांनी पान धरलेलं, डोकं वरून खाली, वरून खाली. पान कमी होत होतं. नीट कान दिला तर आवाजही येत होता, बारीक करकर.

“काय करतेय?” बाबांनी विचारलं. त्यांनी वर पाहिलं नव्हतं.

“खातेय.”

“अजून बघ.”

पलीकडच्या फांदीवर दुसरी होती. तिच्या जरा वर तिसरी. ती फांदी तर पार बोडकी झाली होती, नुसत्या शिरा उरल्या होत्या.

“अंड्यातून निघाली की आधी टरफलच खायला घेते,” बाबा म्हणाले. “मग पान. दिवसा, रात्री. अंगाला कातडं पुरेना झालं की जराशी निजते. कात टाकते... उठते. पुन्हा पान. उन्हापावसाचं तिला काही नसतं. दुसरं कामच नाही तिला.”

“होय, बाबा.”

“आणि ती?” बाबांनी हनुवटीनेच पतंगाकडे खूण केली.

“ती खात नाही.”

“ती कोण?”

“पाखरू.”

“आणि ही वरची?”

“अळी.”

“दोन आहेत का त्या?”

शेषरावाने अळीकडे पाहिलं, मग पतंगाकडे.

“...नाही.”

“जन्मभर म्हणालास तू.”

टप् टप् लेंड्या पडत होत्या. शेषरावाने मान खाली घातली होती. पण हरलेल्या पहिलवानाचा पाय अजून माती सोडत नाही, तसं त्याचं झालं.

“पण शेवटी ती तीच होते ना, बाबा? न खाणारी. मग शेवटचं जे आहे ते आत्ताच साधलं तर काय बिघडलं? तुम्ही साधलंत. मी तुमच्यामागून...”

“मी काय साधलं?”

“अन्नत्याग.”

बाबा हसले. हसताना त्यांना खोकला आला, आणि खोकला शमेपर्यंत फार वेळ गेला.

“बापू,” ते म्हणाले, “माझी भूक गेली रे. म्हातारा झालो. घास खाली उतरत नाही... एवढंच आहे ते.”

“संकल्प...?”

“कसला संकल्प?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? इतके दिवस, इतके लोक...”

“दमलो होतो. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.”

शेषरावाला सगळे दिवस आठवले. पायाला लागलेले हात, कुजबुज, नारळांचा ढीग. आणि भिंतीला टेकलेला, अंगठ्याची साल गेलेला हा म्हातारा माणूस. त्याला खरं तर फक्त पडून राहायचं होतं.

“आता मी लोकांना काय सांगू?” तो म्हणाला. दिवस उजाडल्यापासून त्याने हे दुसऱ्यांदा विचारलं होतं, पण या वेळी आवाज वेगळा होता.

रस्त्याकडून गाडीचा हॉर्न वाजला.

दोन जीप भरून माणसं आली होती. हातात हार, ताटं, उदबत्त्या. पुढे एक जाड गृहस्थ, त्यांच्या खांद्यावर नवी शाल. अंगणात पोचले आणि थबकले. ओटा रिकामा. गुरू चिखलात, चेला चिखलात.

“काय झालं? काय झालं?”

“समाधी लागली का?”

त्यांच्या मागून, बाजूने वाट काढत, भागरथा आली. पदराखाली झाकलेली थाळी होती. बाबा खाणार नाहीत हे तिला माहीत होतं, तरी ती रोज आणत होती. आज भात होता आणि वर लाखोळीच्या डाळीचं घट्ट वरण.

बाबांनी तिच्याकडे हात पुढे केला.

“आण.”

“खरंच जी?”

“आण, माय.”

तिने थाळी त्यांच्यापुढे चिखलातच ठेवली. बाबांनी भात कालवला. त्यांची बोटं फार हळू चालत होती. घास उचलला, आणि सगळ्यांच्या देखत तोंडात घातला.

अंगणात कुणी हललं नाही.

बाबा चावत होते. चावत होते आणि थांबत होते. गिळताना मानेच्या शिरा ताठ झाल्या. ओठाला एक शीत चिकटून राहिलं.

“मोडला!” मागून कुणीतरी म्हणालं. “संकल्प मोडला!”

जाड गृहस्थांनी उचललेला हार खाली घेतला. ते शेषरावाकडे वळले. “मास्तर, तुम्ही तर म्हणाला होता...”

शेषरावाचा चेहरा तापला. तो बाबांकडे झुकून दबक्या आवाजात म्हणाला, “बाबा, हे काय केलंत? इतक्या लोकांसमोर?”

“तुला एकट्याला दाखवलं असतं,” बाबा म्हणाले, “तर तू त्याचाही अर्थ लावला असतास.”

लोक थोडा वेळ घुटमळले. आपसात बोलले. कुणी म्हणालं, आपल्याला आधीच शंका होती. एका बाईने तेवढा जाता जाता नमस्कार केला. मग गाड्या सुरू झाल्या, आणि शाल ज्याच्या खांद्यावर आली होती त्याच्याच खांद्यावर परत गेली.

आवाज विरला. पुन्हा फक्त करकर राहिली, वरच्या फांदीवरची.

बाबा एकाएकी पुढे वाकले. पोटाने तो घास ठेवून घेतला नव्हता. भागरथाने पटकन त्यांचं कपाळ धरलं. सगळं बाहेर आलं, तो एक घास आणि थोडं पाणी. तिने पदराने त्यांचं तोंड पुसलं, ओठावरचं शीतही पुसलं, आणि त्यांना पुन्हा बुंध्याला टेकवलं. त्यांचा श्वास वर लागला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं.

शेषराव बघत होता. कितीतरी दिवस तो या माणसाच्या शेजारी उभा होता. आज पहिल्यांदाच त्याने त्यांच्याकडे पाहिलं. गालांची हाडं. मनगटावर लोंबणारी कातडी. नखांखाली साचलेला निळसरपणा.

यातलं काहीच करून दाखवलेलं नव्हतं.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. “पोटात राहणार नाही हे माहीत होतं तुम्हाला. मग का खाल्लात?”

बाबांनी पायाच्या बोटांनी थाळी त्याच्याकडे ढकलली. हाताने ढकलायला हात उचलत नव्हता.

“जेव,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही, बाबा?”

“माझं झालं.”

शेषरावाने थाळी मांडीवर घेतली. चिखलाचे हात त्याने धोतराला पुसले, पुन्हा पुसले. पहिला घास तोंडात गेला तेव्हा त्याच्या जबड्यात कळ आली. दुसरा घास त्याने चावलाच नाही. मग त्याचं भान सुटलं. तो भराभर खात सुटला, मोठमोठे घास, वरण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. आणि खाता खाता तो रडायला लागला, लहान पोरासारखा, नाक वर ओढत. ठसका लागला तरी हात थांबेना.

भागरथा पाण्याचा तांब्या आणायला उठली.

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. ते झोपले असावेत असं वाटलं. मग त्यांचा हात चाचपडत आला आणि शेषरावाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, टेकला.

“हळू,” ते म्हणाले. “...पुष्कळ आहे अजून.”